साभार परत आलेला हात

फोटोतलं माणूस छापून येईपर्यंत फोटोग्राफरच्या घरी राहतं, ही साधी गोष्ट मला या वयात परत एकदा लिहून काढायला लावलीय, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. चौथी शिकलेल्या माणसाला एक्याऐंशीव्या वर्षी कागद-पेन देऊन बसवायचं, याला काय म्हणावं? पुण्याच्या ‘ओसरी’ मासिकाची नवी संपादक आहे, शर्वरी नावाची. तिनं तीनदा फोन केला. काका, मासिकांबरोबर काम करतानाचे तुमचे अनुभव पाठवा, म्हणाली. मी सांगितलं, अनुभव कसले, फोटो काढले आणि त्यातली माणसं सांभाळली. ती म्हणाली, तेच लिहा. मी नाही म्हणून फोन ठेवला, तर घरात एक जण आहे, तो टेबलावर बोटं वाजवायला लागला. तो एकदा वाजवायला लागला की थांबत नाही. म्हणून लिहितोय. त्याची हकीगत पुढं येईल.

मी हिंदुराव चौगुले, राहणार गडहिंग्लज. स्टुडिओ माझा कधी नव्हता. एक कॅमेरा, एक सायकल आणि न्हाणीला लागून एक अंधारी खोली, एवढ्यावर चौतीस वर्षं मासिकांना फोटो पुरवले. नोकर कुठल्याच मासिकाचा नव्हतो. पगारी माणसाला मासिक सांभाळतं, आमच्यासारख्याला फक्त कळवतं.

काम असं चालायचं. रोल धुतला, फोटो दोरीवर वाळत घातला, की वाळता वाळता त्यातलं माणूस खाली उतरायचं. खरं माणूस तोवर आपल्या कामाला गेलेलं असतं, त्याचा याच्याशी संबंध नाही. लग्नाच्या फोटोंचा त्रास नसतो. अल्बमात चिकटवले की दुपारच्या आत घर रिकामं. पासपोर्टवाले फॉर्मावर जातात. मासिकाचं तसं नाही. फोटो पोस्टानं पाठवायचा, मग पुण्याहून कार्ड यायचं की फोटो पसंत आहे, माणूस पाठवा. मग त्याला एस.टी.त बसवून द्यायचं. छापून आलं की ते अंकात गेलं, आपली जबाबदारी संपली. नाही आलं तर ते परत एस.टी.नं दारात, खिशाला ‘साभार परत’ची चिठ्ठी लावून. आणि कार्डच नाही आलं तर ते आपल्या बाहेरच्या सोप्यात बसून राहायचं. ही माणसं जेवत नाहीत, पण पान मांडलं नाही तर रुसतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. फोटोत ज्यानं जे धरलंय ते त्याला सोडता येत नाही, आणि फोटोत जे नाही ते त्याच्या अंगावर टिकत नाही. तालमींवरच्या लेखासाठी मी एका पैलवानाचा फोटो काढला होता, मांडीवर थाप मारतानाचा. तो दोन महिने मांडी धरून राहिला. ऐन थंडीत लंगोटावर. आमच्या सोनाबाईनं शाल घातली की घसरायची. शेवटी तिनं चूल त्याच्या बाजूला सरकवली.

सुरुवातीला मी चुकाही केल्या. एका हेडमास्तरांचा फोटो घेतला तो छातीपर्यंतच. दोरीवरून उतरले तेव्हा खाली काही नव्हतं. त्यांना मी ज्वारीच्या डब्यावर ठेवलं. भले गृहस्थ. तीनदा साभार परत आले आणि तीनही वेळा स्टँडवरून मी त्यांना काखेत धरून आणलं. कंडक्टर म्हणाला, हिंदुराव, मास्तरांना पाय का नाही घेतले? तेव्हापासून मी चार पावलं मागं जाऊन पूर्ण माणूस घ्यायला शिकलो. मोठे फोटोग्राफर याला दृष्टी म्हणतात. माझ्या बाबतीत ते पाठदुखीमुळं झालं.

सोनाबाई म्हणजे माझी बायको. सगळ्या तालुक्याचे फोटो मी काढले, तिनं स्वतःचा कधी काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की भिंतीकडं तोंड. लाज म्हणून नव्हे. तिचा हिशेब वेगळा होता.

“ह्या घरात एक मी बास झाले,” ती म्हणायची. “दुसरी उतरली आणि मी सांगितलेलं तिनं ऐकलं न्हाई, तर मी कुणाकडं बघायचं?”

मी कॅमेरा पिशवीत घालायचो.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. लग्नाआधी सोप्यात बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. चंद्राक्का कासारीण आली होती. चंद्राक्काएवढी हसरी बाई मी पाहिलेली नाही. बांगडी चढवताना कळ येते, म्हणून ती नेमक्या त्या वेळेला काहीतरी चावट बोलायची, समोरची हसायची, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात. मी त्या साली पहिल्यांदा कोल्हापुरातून रंगीत रोल आणला होता, दिवाळी अंकाच्या कव्हरसाठी. सगळी मासिकं दिवाळीला हातात दिवा घेतलेली बाई मागायची. मला तिचा कंटाळा आला होता. मी चंद्राक्काकडं कॅमेरा वळवला. ती त्या वेळी सोनाबाईला भरत होती. सोनाबाईनं कॅमेरा बघितला, भिंतीकडं तोंड केलं, पण हात कासारणीच्या हातात होता, तो काढता येईना. चार हिरव्या बांगड्या चढल्या होत्या, पाचवी बोटांच्या पेरांवर अडली होती. चंद्राक्का काहीतरी बोलली आणि स्वतःच हसली. मी बटण दाबलं.

फोटो वाळला तशी चंद्राक्का उतरली, रंगीत, तोंडभर हसू घेऊन. दोन्ही हातांत एक हात. कोपरापर्यंत. पुढं फोटो संपला होता.

सोनाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठून जवळ आली, हात उलटा करून तळवा बघितला, सुलटा करून बघितला. भाकरी थापताना भाजल्याची खूण होती ती बघितली.

“माझा हाय,” ती म्हणाली.

“तुझाच आहे.”

“नको म्हटलं तरी घेतलाच तुम्ही.”

“हातच आहे,” मी म्हटलं. “त्याला तोंड नाही. तुझ्याशी भांडणार नाही.”

यावर तिनं विचार केला आणि पुन्हा सूप घेतलं. तेवढ्यात पाहुणी म्हणून चंद्राक्कानं तिला काहीतरी चावट सांगितलं. ती हसली. बांगडी तरीही पेरांवरच राहिली. फोटोतली होती ती.

पंधरा दिवसांत ‘ओसरी’चं कार्ड आलं. संपादक त्र्यंबकराव आगटे. मोत्यासारखं अक्षर, मुंगीएवढं. ‘चि. हिंदुराव, कासारणीचा फोटो फार आवडला. दिवाळीच्या कव्हरला घेतो.’ मी चि. नव्हतो, आगट्यांहून चारच वर्षांनी लहान होतो, पण ते सगळ्यांना चि. लिहायचे. माणूस प्रेमळ होता, हे मी नाकारत नाही. पैलवान पुण्याला गेला तेव्हा आगट्यांनी ऑफिसातली शेगडी त्याच्याजवळ ठेवली होती.

कार्ड मी वाचून दाखवलं. संध्याकाळी सोनाबाई पाण्याला गेली ती दीड तासानं आली. तोवर आमच्या गल्लीला, मागच्या गल्लीला आणि तिच्या माहेरी नूलला जाणाऱ्या एका बाईला कळलं होतं की सोनाबाईचा हात यंदा पुण्याच्या अंकावर येणार आहे. तोंड नको होतं तिला. पण हात छापून यावा हे तिच्या मनात असं बसलं की काही विचारू नका. या हातानं काय काय केलंय ते जगाला दिसंल तरी, असं एकदा म्हणाली. मी म्हटलं, फोटोत तो काहीच करत नाही, बांगड्या भरून घेतोय. ती म्हणाली, तेच तर, कधी न्हाई ते बसलाय.

त्या दिवाळीला आगट्यांनी ऐनवेळी एका चित्रकाराचं चित्र घेतलं. ‘कासारीण पुढच्या वर्षी नक्की.’ पुढच्या वर्षी कागद मिळाला नाही, अंक बारीक निघाला, रंगीत कव्हर रद्द. त्याच्या पुढच्या वर्षी दिवा घेतलेली बाई आली. तीन वर्षं चंद्राक्का आमच्या घरी राहिली, हात धरून.

मी तणतणायचो. पण घरात सोनाबाई, चंद्राक्का आणि हात, तिघांचं बरं चाललं होतं. चंद्राक्का म्हणजे दोन्ही हात अडकलेली बाई, तिच्याच्यानं काम होईना, पण धरलेला हात रिकामा होता. लसूण सोलायचा, वाती वळायचा. सोनाबाईला एक डावा हात जादा झाला. ती म्हणायची, वाटलं नव्हतं आपण एवढ्या कामाच्या असू. खरी चंद्राक्का सणाला बांगड्यांची पेटी घेऊन यायची आणि हिला बघून नाक मुरडायची. माझ्याहून गोरी दिसत्येय, म्हणायची. ही म्हणायची, सावलीत असते बाई मी. मग दोघी पेटी मध्ये ठेवून अर्धा तास गावाची खबर काढायच्या.

तीन वर्षांनी, भाद्रपदात, कार्ड आलं. ‘माणूस पाठवा. मात्र हात वगळावा लागेल. कव्हरवर वार्षिक राशिभविष्याची चौकट टाकायची आहे, ती जागा हाताचीच आहे.’

हे मी वाचून दाखवलं नाही. पण चंद्राक्काला वाचता येत होतं, खऱ्या चंद्राक्काला येत होतं म्हणून. सोनाबाईनं ऐकून घेतलं. तिनं माझी पिशवी भरली, चंद्राक्कासाठी चिवड्याचा डबा घातला, ती खात नाही हे ठाऊक असून. आणि उंबऱ्यावर मला म्हणाली, “तुम्ही सोबत जावा. हात गेला तर अंकावर जाऊ दे. पण त्याला कुणी तोडला तर मला तोंड दाखवू नका.”

पुण्यात ‘ओसरी’चं ऑफिस एका छापखान्याच्या माडीवर होतं. बाकावर दोन कवी आणि दिवा घेतलेली एक बाई बसली होती. आगट्यांनी आम्हाला लगेच आत घेतलं, चहा सांगितला, पैलवानाची चौकशी केली. मग चष्मा पुसून हाताकडं पाहिलं.

“हा कुणाचा?”

“आमच्या मंडळींचा.”

“त्या कुठं आहेत?”

“भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. फोटोत आल्या नाहीत.”

“म्हणजे हे अर्धवट झालं, चौगुले. अर्धवट गोष्ट ‘ओसरी’ छापत नाही.”

“कविता छापता की,” मी म्हटलं. बाहेर बाकावर एक कवी खाकरला.

आगटे रागावले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं. दिवाळी अंक विकला जातो तो राशिभविष्यावर. आत राशिभविष्य आहे हे बाहेर दिसलं नाही तर लोक दुसरा अंक उचलतात. मग कथा नाही, कविता नाही, मी नाही, तुम्ही नाही. चौकट डावीकडं खालीच बसते. तिथं हात आहे.

आता चंद्राक्का पुढं झाली. ती म्हणाली, “साहेब, हात काढला तर मी भरत्येय कुणाला?”

आगट्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग फोटोकडं.

“प्रश्न रास्त आहे,” ते म्हणाले.

“आणि ह्या हाताची बाई तीन वर्सं सगळ्या गावाला सांगत बसलीय. तिला मी काय सांगू?”

आगटे उठले. खिडकीपाशी जाऊन आले. मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी हात हातात घेतला. डावा होता म्हणून स्वतःचाही डावाच दिला. मोठ्या माणसाशी बोलावं तसं हाताशी बोलले.

“सोनाबाई, शब्द देतो. हात राहील. चौकट वर जाईल.”

सोनाबाईचा हात उगाच कुणाला विश्वास देणारा नव्हता. पण त्यानं आगट्यांचा हात दाबला. मी पाहिलं. बांगड्या वाजल्या.

कारकुनानं वहीत लिहिलं, आवक, कासारीण एक, हात एक. नाव काय लावू म्हणून विचारलं. मी सांगितलं, सोनाबाई हिंदुराव चौगुले यांचा डावा हात. त्यानं तसंच लिहिलं. चंद्राक्कानं निघताना मला सांगितलं, वैनीला म्हणावं, पाचवी छापल्यावर चढंल बहुतेक. मी दुपारच्या गाडीनं परत आलो आणि सोनाबाईला शब्दाचं सांगितलं. तिनं स्वतःच्या डाव्या हाताकडं बराच वेळ पाहिलं.

अंक वसुबारसेला आला. गल्लीतल्या अकरा बायका सोप्यात. नूलहून सोनाबाईची आई आली होती. पोस्टमन आमचा मित्र, तोही थांबला. सोनाबाईनं हात धुवून, पदराला पुसून, पुडक्याची दोरी सोडली.

कव्हरवर चंद्राक्का होती. हसत होती. रंग सुरेख उतरला होता. आणि तिच्या दोन्ही हातांत एक पिवळी चौकट होती. ‘या अंकात : वार्षिक राशिभविष्य.’ तिची बोटं चौकटीच्या कडेला दाबलेली.

सोनाबाईची आई डोळ्यांनी अधू. तिनं विचारलं, हात कुठाय गं? सोनाबाई कव्हरकडं बघत होती.

“राशिभविष्याला बांगड्या भरत्येय ती,” ती म्हणाली.

मग उठून आत गेली आणि सगळ्यांना चकल्या घेऊन आली. बायका चकल्या खाऊन गेल्या. पाण्याला ती त्या आठवड्यात दुसऱ्या विहिरीवर गेली, लांबच्या.

भाऊबीजेला कंडक्टर दारात आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हात होता. मनगटाशी नाही, कोपराशी नाही, कव्हरवर जिथं चौकटीची रेघ होती तिथं नीट सरळ कापून सोडवलेला, म्हणजे चंद्राक्काची बोटं तिकडं राहिली आणि हात पूर्ण इकडं आला. चार बांगड्या शाबूत. पाचवी पेरांवर. दोन बोटांत ‘साभार परत’ची चिठ्ठी. कंडक्टर म्हणाला, स्वारगेटला खिडकीतून दिला कुणीतरी, मी सीटवर ठेवला होता, सामानात नाही टाकला.

आगट्यांचं कार्ड मागून आलं. ‘रचनेच्या दृष्टीने चौकट वर बसली नाही. हात सुखरूप परत पाठवत आहे. पुढील फोटोंची वाट पाहतो.’ एवढंच. मी कार्ड उलटून बघितलं, मागं काही असेल म्हणून. मागं पत्ता होता.

मी ‘ओसरी’ला परत फोटो पाठवला नाही. दुसऱ्या मासिकांना पाठवले, त्यांनीही माणसं कापली, पण शब्द कुणी दिला नव्हता. तो वेगळा मुद्दा.

सोनाबाईनं पहिले चार दिवस हात फडताळात ठेवला. मग तो आतून दार वाजवायला लागला. तिनं बाहेर काढला, म्हणाली, तुझं काय चुकलं? चंद्राक्काची पकड सुटली होती, त्यामुळं आता तो मोकळा होता. घरभर फिरायचा. शेजारच्या बायका बघायला आल्या, मग मागच्या गल्लीतल्या, मग नूलच्या. जी ती पाचवी बांगडी चढवून बघायची. कुणी साबण लावला, कुणी खोबरेल. खरी चंद्राक्का आली, तिनं मनगट धरलं, चावट बोलली, हात हलून हलून हसला, पण बांगडी तिथंच. शेवटी तिनं हात जोडले आणि म्हणाली, हिला मी आयुष्यात पहिल्यांदा हरले. मला वाटतं कव्हरवर येऊन जेवढ्या बायकांनी तो हात बघितला असता, त्याहून जास्त बायकांनी तो धरला. पण हे मी सोनाबाईला बोलून दाखवलं नाही. तिची जखम तिची होती.

वर्षं गेली. फोटोतलं माणूस म्हातारं होत नाही. सोनाबाई झाली. बोटं सांध्यांत सुजली, भाकरी थापता येईना. तेव्हा हात थापायचा, चोवीस वर्षांचा, आणि ती बाजूला बसून त्याला शिव्या घालायची, कडा जाड ठेवतोस म्हणून. सुईत दोरा तो ओवायचा. रविवारी तिची वेणी घालायचा, एकाच हातानं, दुसरी बाजू मी धरायचो. ती म्हणायची, माझ्याच हातानं माझी वेणी घालून घ्यायला लागत्येय, कुणाचे उपकार नकोत हे देवानं ऐकलं एकदाचं.

मधूनमधून मी म्हणायचो, अजून छापून आणू कुठंतरी. कोल्हापूरचं एखादं मासिक घेईल. ती जाण्याच्या वर्षी एकदा असंच म्हणालो. ती खाटेवर होती. हात तिच्या पायाशी मोजे सारखे करत होता.

“आता नका छापू,” ती म्हणाली. “छापला की जातोय तो. तुमचा चश्मा कोण शोधणार मागनं?”

“मी शोधीन.”

“तीस वर्सं बघतेय.”

सोनाबाई गेली त्याला चार वर्षं झाली. हात आहे. सकाळी चष्मा शोधून नाकावर ठेवतो, जोरात ठेवतो. चहात साखर दुसऱ्यांदा घ्यायला लागलो की मनगटावर टिचकी. मी फोनवर कुणाशी वाकडं बोललो की बोटं वाजवतो. हे लिहिताना तो कागदाचा वरचा कोपरा दाबून बसलाय. खोटं लिहिलं तर कळतं त्याला. वर मी ‘जखम’ लिहिलं तिथं त्यानं बोट ठेवलं होतं बराच वेळ. मी खोडलं नाही.

शर्वरीनं फोन केला तो मुळात अनुभवांसाठी नव्हता. ‘ओसरी’चं साठावं वर्ष. जुनी कपाटं काढताना तिला आवक-नोंदीची वही सापडली. कासारीण एक, हात एक. मग कव्हर सापडलं. तिनं सगळं जुळवलं आणि मला विचारलं, काका, हात अजून तुमच्याकडं आहे का? यंदा आम्ही पूर्ण फोटो छापतो. चौकट नाही, अक्षर नाही. नुसता फोटो आणि खाली सोनाबाईंचं नाव. चंद्राक्का कव्हरवर अजून तशाच आहेत, हात पाठवा, जुळवून घेऊ.

पोरगी चांगली आहे. सोनाबाईनं तीन वर्षं वाट पाहिली ती याचीच. मी दोन दिवस जेवलो नाही नीट. शेवटी हाताला टेबलावर बसवलं आणि रीतसर विचारलं. म्हटलं, तू तिचा आहेस, माझा नाहीस. अंकावर जायचं असेल तर मी स्वतः पुण्याला सोडतो, या वेळी पिशवीत चिवडा मी भरीन. नाव छापून येईल. तुझं काय म्हणणं?

तो टेबलावरून चालत गेला, माझा चष्मा काढून घेतला, पदर नव्हता म्हणून माझ्याच सदऱ्याला पुसला आणि परत घातला.

मी शर्वरीला कळवलं की हात मिळणार नाही. ती म्हणाली, मग निदान अनुभव तरी लिहा, फोटोच्या जागी तेच छापते, आणि सोनाबाईंचं नाव घालते. हाताला हे पसंत पडलं. म्हणून हे सगळं.

शेवटी ती असंही म्हणाली की ‘ओसरी’च्या वतीनं ती माझी माफी मागते. मी सांगितलं, बाळ, तुझी माफी मला नको. तू तेव्हा जन्मली नव्हतीस, आणि तू कुणाचा हात हातात घेतला नव्हतास. ज्यानं घेतला होता ते गृहस्थ पंच्याऐंशीला टेकलेत, पुण्यातच लेकाकडं असतात, तब्येत बरी आहे असं तूच सांगितलंस. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी तो शब्द पाळला असता तर आज मला चहात साखर जास्त झाली असती, हे मलाही कळतं. पण बाईला शब्द दिला होता. माझ्याशी त्यांना बोलायची गरज नाही. स्वारगेटहून गडहिंग्लजची गाडी सकाळी आहे, स्टँडवर कुणालाही विचारलं तरी घर दाखवतील. यावं, सोप्यात बसावं, हात हातात घ्यावा, डावा, आणि काय ते त्याच्याशी बोलावं. चहा मिळेल. हात दुपारी मोकळा असतो.

माफी मागायचे राहिलेत ते त्र्यंबकराव आगटे.